सात जणींची येळवस

राजूबाईची तीन एकर तूर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वाळली आणि चौथ्या आठवड्यात शेंगा उकलायला लागल्या. भर दुपारी बांधावर उभं राहिलं की रानात बारीक तडतड ऐकू यायची. प्रत्येक तडतडीला चार दाणे मातीत जायचे.

तोगरखेडात कापणीला माणसं नव्हती असं नाही. बायकांच्या दोन टोळ्या होत्या, एक चन्नव्वाची आणि एक राजश्रीची. पण चन्नव्वाची टोळी मडिवाळप्पाच्या पार्टीची होती आणि राजश्रीची भगवानरावच्या. एका पार्टीच्या टोळीनं दुसऱ्या पार्टीच्या रानात विळा घालायचा नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळत होते. राजूबाई कुठल्याच पार्टीची नव्हती. म्हणून तिच्या रानात कुणीच येत नव्हतं.

कानडी मुलखातलं, हळ्ळीखेडपासून नऊ किलोमीटरवरचं हे गाव. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे इथल्या पार्ट्यांना माणसांची नावं होती. पिठाच्या गिरण्या दोन होत्या, चहाची हॉटेलं दोन होती. बसथांब्यावर सावलीचा लिंब मात्र एकच होता, म्हणून त्याच्या बुंध्याच्या दोन बाजूंना दोन बाकडी टाकली होती, एकमेकांकडं पाठ करून.

पंचायतीत तेरा सदस्य. सहा भगवानरावचे, सहा मडिवाळप्पाचे आणि तेरावी राजूबाई. वॉर्ड तीनची जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, तानाजीनं, तिला उभं केलं होतं. दोन्ही पार्ट्यांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि राजूबाई अकरा मतांनी आली. सभेला तानाजी जायचा. तिच्या नावाच्या खुर्चीवर तो बसायचा आणि सहीचं रजिस्टर शिपायाबरोबर घरी यायचं. दीड वर्षामागं अध्यक्षपद बाईसाठी राखीव झालं. त्या वेळी तानाजीनं भगवानरावला शब्द दिला आणि राजश्री अध्यक्ष झाली. बदल्यात राजूबाईच्या शेताच्या वाटेवर, नाल्यावर, मोरी बांधायची ठरली होती. सहा महिने झाले तरी मोरी झाली नाही. तानाजी भगवानरावशी भांडला आणि दोन्ही बाकड्यांवरून उठला. तेव्हापासून तो आपला चहा घरी पीत होता.

आता राजश्रीनं राजीनामा दिला होता. म्हणजे भगवानरावनं तो घेतला होता, कारण त्याला आपली सून सुधारानी त्या जागेवर हवी होती. मडिवाळप्पानं आपली बायको नागम्मा पुढं केली. सहा इकडं, सहा तिकडं. मधे राजूबाई.

मंगळवारी सकाळी पंचायतीचा शिपाई नोटीस घेऊन आला. राजूबाई भाकरी थापत होती.

"सही करा इथं. गुरुवारच्या गुरुवारी, दोन तारखेला, अध्यक्षाची निवड हाय. मालकाला सांगा."

"नोटीस कुणाच्या नावानं हाय?"

"तुमच्याच की."

"मग मला सांगितलास न्हवं? झालं. जा."

शिपाई हसत गेला. राजूबाईनं नोटीस दोनदा वाचली. कानडी अक्षरं ती हळू वाचायची, पण वाचायची. स्वतःचं नाव तिनं बोटानं दाबून पाहिलं आणि कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला. या वेळी मत आपण द्यायचं, आपल्या मनानं द्यायचं, एवढं तिनं त्या चुलीपुढं ठरवलं. कुणाला द्यायचं ते तिला अजून माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी भगवानरावची गाडी दारात आली. मडिवाळप्पाची गाडी सकाळीच महाबळेश्वरला गेली होती. ही गोव्याला निघाली होती. निवडीच्या आधी सदस्य पळवून नेऊन लपवून ठेवायची पद्धत तालुक्यात जुनी आहे. तानाजीनं पिशवीत दोन शर्ट कोंबले.

"तूर उभी हाय आन तुमी गोव्याला जायलाव?"

"आगं, तुरीसाठीच जायलोय. भगवान मामानं शब्द दिलाय. निवड झाली की दुसऱ्या दिवशी राजश्रीची टोळी आपल्या रानात."

"तवर झाडाला दाणा ऱ्हाईल का?"

"हप्त्यानं काय हुतंय?"

"आन सोमवारी येळवस हाय."

तानाजीचा हात पिशवीतच राहिला. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. या भागात त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही. सगळा गाव रानात जेवायला असतो. "ती... तू कर बग," तो म्हणाला. "मी फोन करतो."

"मत माझं हाय. मग मला न्या की गोव्याला."

गाडीतले हसले. ओसरीवर बसलेली तानाजीची आई भागाबाई हसली नाही.

"ने की रं तिला. तिनं बी समुद्र बगितला न्हाई. मी बी बगितला न्हाई."

"आय, असल्यात बायका आसत्यात का कुठं? मेंबर मीच की."

"व्हय? मग निवडणुकीत लुगडं नेसून हुबा का न्हाई ऱ्हायलास?"

गाडी गेली. धूळ खाली बसल्यावर भागाबाई उठली आणि दोन विळे घेऊन आली. एक तिनं सुनेच्या हातात दिला.

शनिवार आणि रविवार दोघींनी तूर कापली. पहाटे दव असतं तेव्हा शेंग मऊ असते, उकलत नाही. म्हणून सहाला जायचं आणि दहाला थांबायचं. तुरीचं खोड बोटाएवढं जाड. डाव्या हातात झाड वाकवून मुळाशी विळा हिसकायचा. राजूबाईच्या डाव्या तळव्याला शनिवारीच दोन फोड आले. भागाबाई सत्तरीची. ती कापायची नाही, बसून सरकत मागच्या पेंढ्या बांधायची. दोन दिवसांत अर्धा एकर झाला. रविवारी दहा वाजता राजूबाईनं उरलेल्या रानाकडं पाहिलं आणि मनात भागाकार केला. दहा दिवस. शेंगा दहा दिवस थांबणार नव्हत्या.

"आत्या, उद्याचं किती करायचं?"

भागाबाईनं हातातल्या पेंढीची गाठ आवळली. गेल्या वर्षी तानाजी नुकताच बाकड्यावरून उठला होता आणि येळवशीला त्यांच्या रानात कुणीही आलं नव्हतं. येळवशीला वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालतात. त्यांच्या बांधावरून त्या दिवशी चाळीस माणसं गेली होती, मान खाली घालून. सासू-सून भज्जीचं, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीचं, पातेलं घेऊन दुपारभर बसल्या आणि संध्याकाळी ते म्हशींपुढं ओतलं. तीस माणसांची भज्जी म्हशींनी खाल्ली.

"तीस माणसांचंच कर," भागाबाई म्हणाली. "म्हशीला बी आवडतीच."

राजूबाई त्याच दुपारी बोलावणं करायला निघाली. येळवशीचं बोलावणं बाईनं दारात जाऊन करायचं असतं. गेल्या वर्षी तिनं ते केलं नव्हतं. तानाजी नको म्हणाला होता. आता तानाजी समुद्राकाठी होता.

मडिवाळप्पाच्या दारात ती चार वर्षांनी उभी राहिली. नागम्मा अंगणात गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. साठीची, जाड, गोरी बाई. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण, राजूबाई? वाट चुकलीस का गं?"

"न्हाई अक्का. उद्या आमच्या रानात या जेवायला."

"मी? तुझ्या रानात?" नागम्मानं रस्त्याकडं पाहिलं. "आमच्यात न्हाई चालायचं ते. हे चिडत्याल."

"अण्णा महाबळेश्वरला हाईत."

नागम्मानं दुसऱ्या गुडघ्याला तेल लावलं. "भज्जीत चिंच घालतीस का आंबट चुका?"

"चुका. वाफ्यातला. आजच तोडलाय."

"येते," नागम्मा म्हणाली.

चन्नव्वा म्हणाली, "बाईनं दारात येऊन बोलावलं तर न्हाई कसं म्हनू? माझा लेक गेलाय तिकडं गाडीत, माझ्या जाग्याला. मला इचारणारं हाय कोण?" ती विधवा होती आणि पंचायतीची सदस्यही. राजश्रीनं नुसती मान हलवली. तांड्यावर दोन बाया सदस्य होत्या, एक या पार्टीची आणि एक त्या. त्या दोघी सख्ख्या जावा होत्या आणि चार वर्षं एकमेकींशी लोकांसमोर बोलत नव्हत्या. भगवानरावची सून सुधारानी गेटजवळ स्कुटी पुसत होती. ती म्हणाली, "मामा न्हाईत. मी येते, काकू. पण मला भज्जी करायला येत न्हाई, मी नुसती खायला येईन."

सोमवारी सकाळी भागाबाईनं रानात कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप उभी केली. आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले, पुढं दिवा लावला. राजूबाईनं भज्जी डोक्यावरून आणली, आंबिलीचा डेरा बैलगाडीतून आणला. बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, शेंगाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आंबील रानाच्या चारी बाजूंना शिंपडून झाली तेव्हा बारा वाजले होते आणि बांधावर कुणी नव्हतं.

भागाबाई कोपीच्या सावलीत बसली. तिनं पदरानं माशी हाकलली. पुन्हा हाकलली.

सव्वाबाराला चन्नव्वा दिसली आणि तिच्या मागं तिची नऊ बायकांची टोळी. थोड्या वेळानं दुसऱ्या बांधावरून राजश्रीची टोळी आली. दोन्ही टोळ्यांनी एकमेकींना पाहिलं आणि दोन्ही थबकल्या. मग नाल्यापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. सुधारानीची स्कुटी नाल्याच्या चिखलात रुतली होती, आणि मागच्या सीटवर नागम्मा होती.

"उतरा म्हणते न्हवं, अक्का!"

"उतरले तर माझं गुडघं कोण उचलंल? तू लाव जोर!"

भगवानरावच्या सुनेच्या गाडीवर मडिवाळप्पाची बायको बसलेली तोगरखेडानं कधी पाहिली नव्हती. दोन्ही टोळ्या धावल्या. चार जणींनी नागम्माला उचललं, तिघींनी स्कुटी. सगळ्या पोटरीपर्यंत चिखलानं भरून वर आल्या, आणि भागाबाई डेऱ्यावर ताट ठेवून एवढी हसली की तिला ठसका लागला.

तरी बसताना कोपीच्या डाव्या बाजूला चन्नव्वाची टोळी बसली आणि उजव्या बाजूला राजश्रीची. भागाबाईनं वाढायला घेतलेली पळी पातेल्यात परत टाकली.

"दोन पंगती मला झेपत न्हाईत. माझं वय बगा. एकाच वळीत बसा, न्हाईतर म्हशी वाट बगायल्यात."

बायका उठल्या. एका ओळीत बसल्या.

पहिला घास खाल्ल्यावर कुणी बोललं नाही. येळवशीची भज्जी अशीच खातात. हरभऱ्याचे कोवळे घाटे, वालाच्या शेंगा, तुरीचे हिरवे दाणे, गाजर, बोरं, सगळं बेसनात शिजलेलं, वरून चुक्याचा आंबटपणा. नागम्मानं दुसऱ्यांदा घेतली, मग तिसऱ्यांदा. तिचा फोन वाजला. तिला ऐकू कमी येत असल्यानं तो नेहमी मोठ्या आवाजावर असायचा.

"जेवलीस का?" मडिवाळप्पाचा आवाज सगळ्या रानाला ऐकू आला.

"जेवायलेय."

"कुठं?"

"रानात."

"आपल्या?"

नागम्मानं ओळीकडं पाहिलं. "व्हय, आपल्याच."

"इथं काय खरं न्हाई बग. नुसतं धुकं. ढाब्यावरची आमटी गोड. येळवस बुडाली. बरं, गुरुवारी फुली कुणाच्या नावापुढं मारायची म्हाईत हाय न्हवं?"

"म्हाईत हाय."

"कुणाच्या?"

"माझ्याच की. मला काय कळत न्हाई व्हय?"

फोन बंद झाला आणि ओळीत एकच हशा पिकला. हसताना तांड्याच्या दोन जावांपैकी एकीनं दुसरीच्या मांडीवर थाप मारली. मारून झाल्यावर दोघींच्या लक्षात आलं.

"मला तर कुणी इचारलं बी न्हाई," राजश्री म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "मी दीड वरीस अध्यक्ष व्हते. हापिसातली खुर्ची मऊ हाय का कडक हाय, मला म्हाईत न्हाई. ज्या दिवशी राजीनाम्यावर सही केले, त्या दिवशी सकाळी भगवान मामाच्याच रानात खुरपायले व्हते. बांधावर सही घेतली."

सुधारानीनं मान खाली घातली. मग ती हळूच म्हणाली, "मला बी फॉर्म दाखवला न्हाई, अक्का. सही कर म्हणले." ती बीकॉम होती, हुमनाबादला कॉलेजात हिशेबात तिला पैकीच्या पैकी मिळालेले. तिनं बोटं उघडली. "एक सांगा मला. गाड्यांत कोण कोण गेलंय?"

"सगळेच की."

"सगळे कुठं? सहा पुरुष मेंबर हाईत. ते गेले, बरोबर. पण बाकीचे? माझा नवरा. तानाजी काका. चन्नव्वा मावशीचा लेक. राजश्री अक्काचा नवरा. तांड्यावरचे दोघं भाऊ." तिनं बोटं मिटली. "त्यांना कुणालाच मत न्हाई."

चन्नव्वाचा उंडा हातात राहिला.

"मत हाय ते इथं बसलंय," सुधारानी म्हणाली आणि ओळीकडं बोट करत मोजलं. "चन्नव्वा मावशी, राजश्री अक्का, ह्या दोघी, नागम्मा अक्का, मी, राजूबाई काकू. सात."

"तेरात सात म्हंजे?" नागम्मानं विचारलं.

"म्हंजे बास, अक्का."

पळवायला निघालेल्यांनी ज्यांना पळवायचं त्यांना भज्जी शिजवायला घरी सोडलं होतं. हे डोक्यात शिरायला ओळीला थोडा वेळ लागला. पहिली हसली भागाबाई. मग हसू पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. त्या दिवशी आणखी काही ठरलं नाही. पातेल्यात काही उरलंही नाही.

मंगळवारी पहाटे राजूबाई रानात गेली तेव्हा बांधावर विड्यांची दोन-तीन टोकं लालबुंद दिसली. चन्नव्वाची टोळी आधीच येऊन बसली होती. दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला राजश्रीची टोळी उतरली.

"आमी खाल्लेल्या भज्जीचं हाय हे," चन्नव्वा म्हणाली. "उगं रडू नको."

"मी कुठं रडायलेय? धूर लागलाय."

दोन टोकांकडून दोन टोळ्यांनी रान धरलं आणि कुणी न सांगता शर्यत लागली. विळ्यांचा खसाखसा आवाज, पेंढ्या आपटल्याचा आवाज, मधे शिव्या. "ए राजश्री, तुझ्या बायकांचं कापलेलं खोड बग, मांजराला टोचंल!" "तुमी तुमच्या मागं बगा मावशी, निम्म्या शेंगा मातीत!" सुधारानी पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा फुल शर्ट घालून आली. तिनं तासाभरात तर्जनी कापून घेतली. राजश्रीनं तिच्या बोटाला आपल्या पदराची चिंधी बांधली आणि तिला पेंढ्या मोजायला बसवलं. नागम्मा कोपीत बसून चहा करत होती आणि कुणाची टोळी मागं पडते ते ओरडून सांगत होती. स्वतःच्या पार्टीची मागं पडली की जास्त मोठ्यानं.

चहाला सगळ्या कोपीजवळ आल्या तेव्हा नागम्मा म्हणाली, "मग गुरुवारी काय करायचं?"

बायका चहाकडं बघू लागल्या.

"मला नको," नागम्मा म्हणाली. "मला पायऱ्या चढवत न्हाईत. सुधारानी, तुला?"

"मी झाले तर हापिसात मामा बसत्याल. मला घालवता यायचं न्हाई त्यांना. अजून न्हाई."

"राजश्री?"

"मी एकदा झालेय की," राजश्री म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या.

चन्नव्वानं आपल्याला लिहिता येत नाही म्हणून सांगितलं. तांड्याच्या जावांनी एकमेकींकडं बोट दाखवलं. हे असंच फिरत राहिलं असतं. राजूबाईनं हातातला विळा जमिनीत रोवला. तिचा डावा तळवा ठसठसत होता.

"मला करा," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. स्वतःहून कुणी असं म्हणतं का, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"तू काय करशीला?" चन्नव्वानं विचारलं. विचारणं सरळ होतं, टोमणा नव्हता.

"मी बसंन," राजूबाई म्हणाली. "सभेला मीच बसंन. तुमी बी तुमच्या खुर्चीवर बसायचं. फुडलं फुडं."

"आन तानाजी?"

"त्याला म्हशी हाईत."

दहा वाजेपर्यंत दोन एकर झालं. उरलेलं बुधवारी सकाळी नऊला संपलं. शर्यत कोण जिंकलं यावर एकमत झालं नाही, अजूनही नाही.

तानाजी बुधवारी संध्याकाळी आला. नाक सोललेलं, शर्टाला मिठाचा वास. घरी यायच्या आधी तो रानात गेला होता.

"तूर कुणी कापली?"

"बायकांनी."

"कोणत्या पार्टीच्या?"

"दोन्ही."

तानाजी ओसरीवर बसला. त्याला ते नीट कळेना. "भज्जी ठेवलीस का?"

"दोन दिस उलटले. कुठली ठिवू?"

"तिथं नुसते मासे गं. सकाळी मासे, दुपारी मासे." त्यानं सोललेलं नाक चोळलं. "उद्या सुधारानीच्या नावापुढं फुली मार. मी शब्द दिलाय."

"तुमी तुमचा दिला आसंल," राजूबाई म्हणाली. "माझा माझ्यापाशी हाय."

"आगं, माझी इज्जत?"

"माझी कुठं ठिवलाव?"

तानाजीनं आईकडं पाहिलं. भागाबाई वाती वळत होती. "माझ्याकडं नको बगू," ती म्हणाली. "मी मेंबर न्हाई. तू बी न्हाईस."

गुरुवारी पंचायतीपुढं दोन बँड उभे होते. एक भगवानरावनं हुमनाबादहून बोलावलेला, एक मडिवाळप्पानं आळंदहून. दोघांनीही गुलालाची पोती आणली होती. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी दारात पोलीस उभा केला आणि सांगितलं, आत फक्त सदस्य. पाच नवरेमंडळी आणि चन्नव्वाचा लेक खिडकीच्या गजांना जाऊन लटकले.

दहापर्यंत अर्ज घ्यायचे होते. नागम्माचा आला, सुधारानीचा आला. पावणेदहाला राजूबाईनं आपला दिला. सूचक म्हणून चन्नव्वाचा अंगठा होता, ओला, ठसठशीत.

तिसरा अर्ज आल्याची बातमी बाहेर गेली. अर्ज देऊन बाहेर आलेला भगवानराव तानाजीला बाजूला घेऊन म्हणाला, "शाबास! चन्नव्वाला फोडलास. मडिवाळप्पाच्या मताला भोक पडलं." थोड्या वेळानं मडिवाळप्पानं त्याचा खांदा दाबला. "डोकं चालवलंस. बायकोला हुबं करून भगवानरावचं मत अडकवलंस. फुडं बगू तुझं." तानाजीनं दोघांनाही मान हलवली. आपण काय केलंय ते त्याला माहीत नव्हतं, पण पहिल्यांदाच दोन्ही बाकड्यांवरून त्याला चहा आला.

एक वाजता चिठ्ठ्या वाटल्या. पडद्यामागं एकेकजण गेला. राजूबाई आत गेली तेव्हा पेन धरताना तिच्या तळव्याचा फोड फुटला. चिठ्ठीला डाग लागू नये म्हणून तिनं हात लुगड्याला पुसला, आणि मग फुली मारली. एकच, ठळक. तिला वाटलं होतं छाती धडधडेल. धडधडली नाही. भाकरी उलटावी तसं सहज झालं.

साहेबांनी चिठ्ठ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"नागम्मा, तीन. सुधारानी, तीन. राजूबाई, सात."

मडिवाळप्पा बोटं मोजू लागला. आपले तीन पुरुष, तीन. मग त्यानं नागम्माकडं पाहिलं. नागम्मा पदराचा काठ सरळ करत होती. भगवानरावनं सुनेकडं पाहिलं. सुधारानी बोटाची चिंधी निरखून बघत होती.

"म्हंजे तू सोताला बी..." मडिवाळप्पा म्हणाला.

"गुप्त मतदान हाय ओ," नागम्मा म्हणाली. "इचारायचं नसतं. साहेब, हे इचारायलेत बगा."

सगळ्यात आधी भगवानराव हसला. त्याला हसू आवरलंच नाही. मडिवाळप्पाला घरातून तडाखा बसला होता. मग मडिवाळप्पाला कळलं की भगवानरावलाही तसाच बसलाय, आणि तोही हसू लागला. चार वर्षांत ते एका खोलीत एकाच गोष्टीवर हसले नव्हते. बाहेर खिडकीला लटकलेल्या तानाजीनं "सात!" म्हणून बोंब ठोकली आणि खाली उडी मारली. बँडवाल्यांनी, कोण निवडून आलं हे न विचारता, दोन्हीकडून एकदम सुरू केलं. हुमनाबादच्या पिपाण्या एका गाण्यावर, आळंदचा ताशा दुसऱ्यावर. गुलाल उडाला. पहिला मूठभर तानाजीनं स्वतःच्याच डोक्यात घातला आणि ताशापुढं जाऊन कंबर हलवू लागला. चन्नव्वाचा लेक त्याला येऊन मिळाला.

आत राजूबाई खुर्चीवर बसली होती. पंचायतीच्या कारभाराचं रजिस्टर सांभाळणारे पीडीओ समोर वही उघडून उभे होते.

"मॅडम, पहिली सभा कधी घ्यायची? दरवेळी सकाळी नऊला असती. तेच लिहू?"

"नऊला आमी रानात आसतो," राजश्री म्हणाली.

"मग सहाला, संध्याकाळी?"

"सहाला भाकरी," तांड्याच्या जावा एकदम म्हणाल्या.

"बाजाराच्या दिवशी टोळी जात न्हाई," चन्नव्वानं सुचवलं. "धुणं अकरापर्यंत उरकतंय."

"बाजाराच्या दिवशी आमाला बाजार आसतो की," भगवानराव म्हणाला.

"पिशवी सुनेकडं देऊ नका म्हंजे झालं. तुमी जावा," नागम्मा म्हणाली.

पीडीओंनी राजूबाईकडं पाहिलं. तिनं बाकीच्या सहा जणींकडं पाहिलं, मग सहा पुरुषांकडं. ती काहीतरी बोलली. बाहेरच्या आवाजात पीडीओंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. ती पुन्हा बोलली. साहेब म्हणाले, "जरा मोठ्यानं, मॅडम."

राजूबाई उठून उभी राहिली.

"बाजाराच्या दिवशी! अकरा वाजता! ज्याची खुर्ची त्यानंच यायचं!"

ती एवढ्या मोठ्यानं बोलली की बाहेर आळंदचा ताशा मधेच थांबला, आणि नाचता नाचता तानाजीनं खिडकीकडं तोंड करून विचारलं, "काय म्हणाली?"